पान चौदाची गौर

दौलतला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका पायावर उभा होता. छप्पन सालचा श्रावण, पिंपरीतल्या कामगार वसाहतीचं वाचनालय, भर दुपार. एका हातात मासिक, दुसरा कमरेवर… आणि मला बघताच स्वारी वर्तमानपत्रांच्या टेबलावर कोसळली.

"हे काय चाललंय?" मी बाईंच्या आवाजात विचारलं. वसाहतीतल्या मुलींना नाच शिकवायचे ना मी!

"तपासणी," तो उठत म्हणाला. "कारखान्यात माल तपासतो. वापरून बघितल्याशिवाय पास करत नाही."

दोन मासिकं नमुन्याला आली होती. शिक्षकांसाठी 'पदन्यास' आणि विद्यार्थिनींसाठी 'नृत्यबाला'. वाचनालयाला एकच घ्यायचं होतं, आणि कोणतं ते हा लातूरकडचा बगळा अहवाल देऊन ठरवणार होता!

"'पदन्यास'च घ्या," मी म्हटलं. "'नृत्यबाला' पोरकट आहे."

"पण बाई, 'पदन्यास'मध्ये भाषणंच फार, नाच शोधावा लागतो. 'नृत्यबाला'त पावलं छापलीत. बघा, मीसुद्धा जवळजवळ नाचलो."

"मला सगळे कुसुमताई म्हणतात."

"म्हणू द्या की… मला ताई म्हणायचं जिवावर येतं."

मेला! कान तापले माझे. पण खरी धास्ती वेगळीच होती. पुण्याला मी जेमतेम वर्षभर नाच शिकले होते. पुढचं सगळं टपालानं गुपचूप मागवलेल्या 'नृत्यबाला'तून, मुलींच्या एक धडा पुढे राहून. ते वाचनालयात आलं की माझं पितळ उघडं पडणार आणि वर्ग बंद!

गौरी यायच्या दिवशी सकाळीच मी व्हरांड्यात रांगोळीनं पान चौदाची पावलं काढून सराव केला. दोन आत, तीन बाहेर, उंबऱ्याशी गिरकी. तेवढ्यात दूध उतू गेलं. मी आत धावले आणि पावलं पुसायची राहिली.

संध्याकाळी शेजारच्या सावित्रीबाई चार बायका घेऊन दारात हजर.

"कुसुमे! आमची गौर दोन पावलं आत आली, तीन भाईर गेली, आन् उंबऱ्यावर गिरकी घिताना सून पडता पडता वाचली! तू शिकल्याली, तुला शास्त्र ठावं असंल म्हून तुजी पावलं बघून काढली मी. ही कुठली रीत गं?"

तेवढ्यात दौलत आला, हातात अहवालाचा कागद. त्यानं पावलं पाहिली, मला पाहिलं.

"ती मी काढली," तो म्हणाला. "मासिकाची तपासणी…"

"बिनलग्नाच्या पोरीच्या दारात? अरं भल्या मानसा, गौर घरी यावी म्हून आपल्या दारात काढत्यात पावलं!"

बायका फिदीफिदी हसल्या. दौलत लालेलाल. माझं गुपित वाचलं होतं, पण माझ्यापायी त्याचं हसं झालेलं मला बघवेना.

"पावलं माझी आहेत," मी एका दमात बोलले. "'नृत्यबाला', पान चौदा. मी त्यातूनच शिकते आणि मुलींना शिकवते. करा वर्ग बंद!"

सावित्रीबाईंनी हनुवटीला बोट लावलं. "आता बया! मी पन पुरनपोळी जावेचं बघून शिकले, म्हून काय चूल बंद केली? पोरी नाचत्यात न्हवं? मग झालं तर!"

बायका आपापल्या दारातली पावलं पुसायला पळाल्या. दौलतनं कागद पुढे केला. 'नृत्यबाला घ्यावे. प्रत्येक अंक पहिले आठ दिवस नृत्यशिक्षिकेच्या घरी असावा.' तारीख पंधरा दिवसांपूर्वीची!

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"वर्गाच्या खिडकीतून बघितलं ना. तुमचा धडा आणि छापील पान जुळत होतं."

"मग अहवाल दिला का नाही?"

"दिला असता तर… तुम्हाला भेटायला कारण काय उरलं असतं?"

मी कागदात तोंड लपवलं.

"सावित्रीबाई म्हणाल्या ते," तो चाचरत म्हणाला, "पुढच्या वर्षी… माझ्या दारात काढाल पावलं?"

"काढीन," मी म्हटलं. "पण पान चौदाची नाही हं. नुसती आत येणारी."