आसरवाडीची चूल

आसरवाडीच्या संरक्षित पांढरीवरच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरच्या, प्रयोगशाळेत मातीतला आवाज वाचणारं यंत्र, मृद्ध्वनिवाचक, आलं, तेव्हा कुमुदिनी आठल्येंनीच त्याला हळदकुंकू वाहिलं. मनात मात्र काटा सलत होता. यादवकाळी एकाएकी ओस पडलेल्या या खेड्यापायी त्यांनी ऐन उमेद वेचली; आणि काल आलेली त्यांची विद्यार्थिनी नीलाक्षी एका चुलीला हात लावते काय नि जगभर तिचं नाव होतं काय!

"सोपं आहे, सर," नीलाक्षी संचालक ठोसरांना सांगत होती. "लालबुंद तापलेली माती निवताना तिच्यातले लोहकण भोवतीच्या आवाजाबरहुकूम वळतात आणि तसेच गोठतात. शेवटचा जाळ विझल्यावर इथं जे बोललं गेलं, ते या चुलीत आहे. गाव का उठलं, ते गावच सांगेल."

"आणि पुन्हा तापवली तर?"

"जुनं पुसलं जाईल. नवं उमटेल."

"कुमुदताई, चेली गुरूच्या वरताण निघाली हं!"

"देवाची कृपा," कुमुदताई हळूच म्हणाल्या.

वाचनाच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मंडळी शेजारच्या गावात गेली होती. आपल्याला नाही तर तिलाही नाही! कुमुदताईंनी चुलीत गोवऱ्या रचल्या, भात्यानं फुलवल्या. माती लाल झाली. निखारे काढून, राख झाडून त्या चूल निवेपर्यंत बसून राहिल्या. विस्तव टाकून उठायचं नाही, ही घरची शिस्त. सांजेच्या प्रार्थनेचा नेमही तिथंच, रोजच्यासारखा मोठ्यानं, उरकला.

सकाळी नीलाक्षी म्हणाली, "ताई, कळ तुम्ही दाबा. पांढर तुमची. निबंधावरही पहिलं नाव तुमचंच घातलंय मी."

"नको गं…"

"दाबा हो!"

खरखर झाली. मग एक मऊ, बायकी आवाज आला: "…तिचं नाव माझ्या वर जाऊ देऊ नकोस रे. तोरा उतरव तिचा…"

ठोसर उडालेच. "अहो, बाई बोलतेय! सातशे वर्षांपूर्वीची! सवतीचं गाऱ्हाणं दिसतंय."

"पण भाषा किती आजची वाटते," नीलाक्षी पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

कुमुदताईंचा हात यंत्र बंद करायला पुढे झाला. नीलाक्षीनं तो मायेनं धरून ठेवला. "थांबा ना ताई, ऐकू या पुढं."

पुढचं त्यांना पाठ होतं. लग्न होऊन आल्यापासून एक सांज चुकली नव्हती. गाऱ्हाणं संपलं, की देवाची गफलत होऊ नये म्हणून आपलं नाव, गोत्र आणि गाव स्पष्ट सांगायचं.