तेविसावा मेलबॉक्स

श्रीगोंद्याजवळच्या त्या दूध डेअरीचं ऑफिस उसाच्या रानाला लागून होतं. रविवारी तिथल्या मेल सर्व्हरची डिस्क बदलली आणि सोमवारी सकाळपासून सगळ्यांचे मेल बंद. म्हणून नगरहून रूथ साळवे आली. बारा वर्षं ती हेच काम करत होती. बिघाडाचं कारण तिला सापडायचंच.

आताही सापडलं. माणशी एक अशा मेलबॉक्सच्या तेवीस फाइली नव्या डिस्कवर आल्या होत्या, पण सर्व्हर त्यांना जुन्याच पाथवर, म्हणजे जुन्या डिस्कच्या पत्त्यावर, शोधत होता.

"मॅडम, लई वेळ लागंल का?" समोरच्या टेबलावरून हर्षलनं विचारलं. "पुन्याचा टँकर खोळंबलाय."

"पाचच मिनिटं."

त्यानं आपल्यातला अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतून तिच्यापुढे सरकवला.

तिनं सगळे पाथ दुरुस्त केले, सर्व्हर पुन्हा सुरू केला. मेल धडाधड येऊ लागले. बावीस मेलबॉक्स उघडले. तिनं परत मोजलं. बावीस.

"हर्षल, तुमचाच राहिला बहुतेक," म्हणत तिनं मान वर केली.

खुर्ची रिकामी होती. खोलीचं दार रूथच्याच खुर्चीला टेकलेलं. ती उठल्याशिवाय ते उघडलंच नसतं.

ती बाहेर मॅनेजर आबासाहेबांकडे गेली.

"हर्षल? ह्या नावाचं आपल्यात कुनीच न्हाई, ताई."

"आत्ता समोर बसले होते. टँकरचं बघतात ते."

"टँकरचं मीच बघतो की." ते तिच्याकडे बघत राहिले. "पानी देऊ का?"

आत टेबलावर दोन कप होते. दोन्हींतून वाफ निघत होती.

सगळं सकाळसारखं केलं तर तो परत येईल म्हणून रूथनं पाथ होते तसे चुकीचे करून ठेवले. जुनी डिस्क परत जोडली. फाइली मोजल्या. बावीस. बॅकअपमध्ये बावीस. सकाळी तिनंच वहीत लिहिलेला आकडा, तिच्याच अक्षरात, बावीस.

सगळ्यांची कामं अडली होती. पाथ पुन्हा नीट करणं भाग होतं. एंटर दाबण्याआधी ती बाहेर जाऊन प्रत्येकाचा चेहरा बघून आली.

या वेळी कुणी गेलं नाही.

कुणी परतही आलं नाही.

दुपारी एक म्हातारी आली. डोळे हुबेहूब हर्षलचे. तिनं त्या रिकाम्या टेबलावर डबा ठेवला.

"बनुबाई, रोज कुनासाठी आनता हो?" आबासाहेबांनी दारातून विचारलं.

ती गोंधळली. "ठावं न्हाई बाबा. दोन भाकरी जास्तीच्या हुत्यात."

मग खुर्चीजवळ वाकून, बसलेल्या माणसाचं कपाळ असतं तिथं, तिनं पदरानं अलगद पुसलं.