आधी आवाज, मग चित्र

चौथ्या दुकानात मी गेलेच नव्हते. तीन दुकानांनी नाही म्हटल्यावर घरी परत निघाले होते. वाटेत पावसाची सर आली म्हणून त्याच्या छपराखाली थांबले, इतकंच. सोबत हातगाडी, गाडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आमचा जुना टीव्ही, आणि दर दोन मिनिटांनी "ताई, निघायचं का?" असं विचारणारे गाडीवाले काका.

"आत आणा त्याला," दुकानातून आवाज आला. "माणूस भिजला तर वाळतो. लाकूड फुगतं."

आत एकच दिवा होता. दिव्याखाली एक तरुण डोळे मिटून एका रेडिओला कान लावून बसला होता... डॉक्टरने पेशंटच्या छातीला लावावा तसा. मी मनातल्या मनात त्याचं नाव ठेवून टाकलं - डॉक्टर.

"काय होतंय याला?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

"काही होत नाही. अकरा वर्षं बंद आहे."

"मग दुरुस्त करायचा?"

"नाही. याचा कॉम्प्युटर करून हवाय. पण बाहेरून हाच टीव्ही दिसला पाहिजे. अगदी हाच."

आधीचे तिघे इथेच हसले होते. एकाने तर नवा स्क्रीन काढून दाखवला होता, हप्त्याने घ्या म्हणून. डॉक्टरने फक्त डोळे उघडले आणि विचारलं, "कोणासाठी?"

सरळ प्रश्न होता, म्हणून मीही सरळ सांगितलं. माझे बाबा सुतार. टीव्हीची ही लाकडी पेटी, तिची सरकती दारं, खालचे चार पाय, सगळं त्यांनी स्वतः केलेलं. आई गेली त्या वर्षापासून त्यांच्या आठवणी एकेक करून निसटू लागल्या. तरी रोज संध्याकाळी सात वाजता ते या बंद टीव्हीची दारं उघडतात आणि समोर बसतात. तासभर. फोनवर मी दिसले तर फोन पालथा घालून ठेवतात. म्हणतात, "एवढ्याशा डबीत माणूस मावतो होय?"

"आणि तुम्हाला दिसायचंय कुठून?"

"दुरून. फार दुरून." मी ओल्या ओढणीचं टोक पिळलं. "मी चष्म्याच्या काचा घासते. परदेशातल्या एका कारखान्याने दोन वर्षं शिकायला बोलावलंय. आमच्या कामात असं बोलावणं कुणाला येत नाही. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. मावशी बाबांजवळ राहील. पण बाबांनी मला यात ओळखलं तरच मी जाणार. नाही ओळखलं, तर नाही."

त्याने पेटीच्या लाकडावरून हात फिरवला. मग पुढच्या काचेवर बोट टेकवलं.

"केवढे ओरखडे. हे मला काढता येत नाहीत."

"मला येतात."

"मग काच तुमच्याकडे, आतडी माझ्याकडे," तो म्हणाला. "उद्या काम सुटल्यावर या."

अशी मी रोज संध्याकाळी तिथे जाऊ लागले. मावशीला सांगितलं, काच घासायला जाते. खोटं नव्हतं ते... पण पूर्ण खरंही नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने मला टीव्हीच्या मागे येऊच दिलं नाही.

"बंद टीव्हीसुद्धा चावतो," तो म्हणाला. "चित्राच्या नळीत वीज साठून राहते. हा अकरा वर्षं झोपलाय, उतरली असेल ती. पण 'असेल' या शब्दावर हात घालायचा नाही."

"तुम्हाला चावलाय कधी?"

"एकदा. दोन दिवस मी मधूनमधून बातम्या देत होतो."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावे, कारण मलाच माझा आवाज ओळखीचा वाटला नाही.

पुढच्या दोन दिवसांत त्याने आतलं सगळं काढलं - जाड काचेची नळी, धुळीने माखलेले काचेचे दिवे, तारांचे गुंते. दोन मोठ्या खोक्यांत भरून ठेवलं. पेटी रिकामी झाली. मी पुढे बसून चौकट पुसत होते, तो मागून आत डोकावून मापं घेत होता, आणि अचानक चौकटीत त्याचा चेहरा आला. केसात जळमट, गालावर काजळी.

"द्या मग बातम्या," मी म्हटलं.

तो ताठ बसला. घसा साफ केला. "नमस्कार. आजच्या ठळक बातम्या. काच घासणाऱ्या बाईंनी आज सलग तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याचा चहा नाकारला. दुरुस्तीवाल्याच्या गोटात चिंतेचं वातावरण."

"चहात तुमच्या सोल्डरचा धूर लागतो, डॉक्टर."

"डॉक्टर?"

तोंडून गेलेलं परत घेता येईना. मी काच उचलली आणि उगाच उजेडात धरून पाहू लागले. काचेच्या पलीकडून तो मला पाहत होता... काचेवर आता एकही ओरखडा नव्हता, त्यामुळे लपायला जागा नव्हती.

पुढे काम भराभर झालं. जुन्या काचेमागे पातळ स्क्रीन बसला. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर तळाशी स्क्रूने आवळला. कॅमेरा दाराच्या खाचेत असा दडवला, की मलाही शोधावा लागला. चॅनल बदलायचं जुनं गोल बटण त्याने तसंच ठेवलं. ते एकदा टक्कन फिरवलं की कॉम्प्युटर माझ्या फोनला हाक मारणार. मी त्याचा चहाही पिऊ लागले. धूर लागतच होता. मी त्याची सवय करून घेत होते, आणि जायची तारीख जवळ येत होती. या दोन गोष्टी एकमेकींना शोभत नाहीत, हे मला कळत होतं. त्यालाही कळत असावं. कारण शेवटचे चार स्क्रू आवळायला त्याने अख्खी संध्याकाळ घेतली.

रविवारी टीव्ही घरी आला. मावशीने जागा पुसून ठेवली होती. सात वाजता बाबा आले, दारं सरकवली. मी आतल्या खोलीत फोन घेऊन बसले. डॉक्टर भिंतीशी उभा राहिला.

बाबांनी बटण फिरवलं. टक्. त्याच क्षणी माझा चेहरा लख्ख उमटला.

"बाबा, मी..."

फोनमध्ये मला बाबा दिसत होते. ते दचकून मागे सरले. मग पुढे झाले, त्यांनी उजवा तळवा पेटीच्या माथ्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"थंड आहे," ते म्हणाले. "यात कोणी नाही."

आणि त्यांनी दारं लावून घेतली. माझ्या फोनवर काळोख झाला.

मी बाहेर आले तेव्हा बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. डॉक्टरकडे मी पाहिलंही नाही.

"मला वेळ द्या," तो दारात म्हणाला.

"चार दिवसांवर महिनाअखेर आहे. आणि त्यांना नाही कळत, डॉक्टर. सोडून द्या. तुम्ही केलंत तेवढं खूप केलंत."

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी संध्याकाळी मी कारखान्याला नकाराचं पत्र लिहिलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. मावशी भाजी चिरत होती. म्हणाली, "पत्र लिहिताना रडलीस की कांदा मी चिरतेय म्हणून?" मी पर्सची चेन लावली. तिनेही मग कांदा बाजूला ठेवला.

बुधवारी सकाळी मी आमच्या चष्म्याच्या दुकानात एका भिंगाची कड घासत होते, तेवढ्यात समोर डॉक्टर येऊन उभा राहिला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"जुना टीव्ही लावला की काय काय व्हायचं?" त्याने विचारलं. "आठवून सांगा. क्रमाने. काही गाळू नका."

"आता काय उपयोग..."

"सांगा तर."

मी डोळे मिटले. "आधी टक् व्हायचं. मग काहीच नाही. मग घूं असा बारीक आवाज. मग बातम्यांतली बाई बोलायची, पण दिसायची नाही. आई तेवढ्यात गॅस बारीक करून यायची. तापलेल्या धुळीचा वास यायचा. अर्ध्या मिनिटाने मधोमध उजेड पडायचा, तो पसरायचा, मग चेहरा. आणि बाबा... बाबा तोवर माथ्यावर हात ठेवून उभे असायचे. म्हणायचे, तापतोय, येईल आता."

मी डोळे उघडले. तो माझ्याकडे पाहत होता.

"आपण दोघांनी तो डोळ्यांसाठी केला," तो म्हणाला. "तुम्ही काचवाल्या, मी चित्रवाला. ते सुतार आहेत. ते हाताने बघतात."

त्या दुपारी आणि गुरुवारी दिवसभर तो आमच्या घरी जमिनीवर पालथा पडून होता. पेटीच्या माथ्याखाली त्याने पत्रा ठोकला, पत्र्याखाली जुन्या पद्धतीचे तारेचे दोन छोटे बल्ब लावले, वारा खेळायला मागे भोकं पाडली. मग कॉम्प्युटरला नवी शिस्त लावली: आधी फक्त आवाज. चित्र अर्ध्या मिनिटाने, मधून कडेला, हळूहळू. तोवर दोन्हीकडे काळोख.

"दोन्हीकडे का?" मी विचारलं.

"त्यांनाच एकट्याला का थांबायला लावायचं?" तो म्हणाला.

सात वाजले. मी आतल्या खोलीत. टक्. माझ्या फोनवर नुसता काळा चौकोन, आणि त्यातून बाबांचा श्वास.

"बाबा," मी म्हटलं.

लाकडावरून तळवा फिरल्याचा आवाज आला. तो मी कुठेही ओळखेन.

"तापतोय," बाबा हळूच म्हणाले. "येईल आता."

चित्र आलं. ते अगदी जवळ झुकून पाहत होते. भुवया वर गेल्या.

"केस बांधले नाहीस ते?" त्यांनी विचारलं. "आई ओरडेल."

मी त्या पत्राचे तुकडे केले आणि फोनवरूनच कारखान्याला होकार कळवला. बाहेर डॉक्टर हत्यारं पिशवीत भरत होता. एकेक करून, हळू. मी त्याच्याजवळ गेले. काहीतरी बोलायला हवं होतं, दोघांनीही. पण ज्या वस्तूमुळे मी जाऊ शकत होते ती त्यानेच केली होती, आणि ती खोलीच्या मधोमध तापून उभी होती.

"बल्ब उडतील मधूनमधून," तो म्हणाला. "मी बदलून देत जाईन."

"येत जाल?"

"यावंच लागेल. मीच लावलेत ना."

मी गेले त्या दिवशी तो निरोपाला आला नाही. मावशी म्हणाली, दुकान बंद होतं.

इथे आभाळ बहुतेक दिवस खाली उतरलेलं असतं. कारखान्याच्या जेवणघरात दुपारी मी खिडकीशी फोन घेऊन बसते. तिकडे तेव्हा सात वाजलेले असतात. टक्. काळोख. बाबांचा तळवा. मग चेहरा. सहा महिने असे गेले. काही दिवस बाबा मला आईच्या नावाने हाक मारत. मी ओ देत असे.

काल काळोखातून वेगळाच आवाज आला.

"नमस्कार. आजच्या ठळक बातम्या."

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"आज डावीकडचा बल्ब उडाला, तो बदलला. चित्र आज जरा उशिरा येईल, मीच तसं लावलंय. मावशी औषध आणायला गेल्या आहेत. बाबा इथेच आहेत, शेजारी." तो थांबला. "आणखी एक बातमी. जुनी आहे... तेव्हा त्या सोमवारी आणि मंगळवारी मी टीव्हीला हात लावला नाही. जमत नव्हतं असं नाही. ते थंड म्हणाले तेव्हाच मला कळलं होतं काय करायचं ते. पण केलं नाही तर तू राहशील, असं वाटलं. दोन दिवस तसाच बसून होतो. तुला सांगितलं नव्हतं. चित्र आल्यावर सांगता आलं नसतं."

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणत होता. बाहेर पाऊस काचेवरून तिरका उतरत होता.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"बातम्या संपल्या."

"हवामान राहिलं," मी म्हटलं.

मग तो म्हणाला, "इकडे ढगाळ आहे. तू गेलीस त्या दिवसापासून."

"इकडेही," मी म्हटलं. "दीड वर्ष राहील असा अंदाज आहे. मग उघडेल... तू थांबलास तर."

तेवढ्यात मधोमध उजेड पडला. आधी बाबांचा तळवा दिसला, मग बाबा, त्यांच्यामागे उडालेला बल्ब मुठीत धरून उभा असलेला डॉक्टर. त्याने मान डोलावली, एकदाच.

बाबा माझ्याकडे पाहत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग ते मागे वळले.

"ही कोण?" त्यांनी डॉक्टरला विचारलं.

हा दिवस येणार हे मला माहीत होतं. तो आज येईल हे माहीत नव्हतं. डॉक्टर बाबांच्या शेजारी खाली बसला.

"आपलीच आहे, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी थोडा विचार केला. पेटीवरचा तळवा उचलला नाही.

"ऊब आहे," ते म्हणाले. "आपलीच असेल. बसू दे."

आम्ही तिघं बसलो. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा मी फोन बंद केला. इतका वेळ हातात धरून त्याची पाठ गरम झाली होती. मी तळवा तसाच ठेवला, थोडा वेळ.