खिंडीचा रस्ता

पुडीबाई जमिनीवर फतकल मारून सुकवलेला भात पाकिटांत भरत होती, तेवढ्यात तिच्या नवऱ्याने पुन्हा एकदा रस्ता बदलला.

पुडीबाई हे नाव तिला इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर नोकरी करताना पडलं होतं. सकाळची गोळी वेगळी, दुपारची वेगळी, प्रत्येकीची स्वतंत्र पुडी. कड दुमडून टोक आत खुपसायची तिची एक तिकोनी घडी होती. पुडी फेकून मारली तरी सुटायची नाही. नवरा बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. नुकताच निवृत्त झाला आणि घरात माशा मारत बसला, तेव्हा तिनेच म्हटलं होतं, की लग्नापासून ज्या डोंगरफेरीचं गाजर दाखवताय ती एकदाची होऊन जाऊ दे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फेरी साधी होती. वनचौकीपासून निघायचं, मुक्काम करत करत डोंगराला वळसा घालायचा आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच चौकीवर उतरायचं. वाटेत गाव नाही, दुकान नाही. तंबू, चूल, खाणं सगळं पाठीवर. भांडण होतं ते तिसऱ्या दिवसाचं. दरीतला रस्ता लांबचा, पण पाण्याच्या कडेने जाणारा. खिंडीतला जवळचा, पण तिथली दरड यंदा सैल आहे असं चौकीवरच्या रखवालदाराने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

"मी खिंडच धरतो," नवरा नकाशावर ओणवा होत म्हणाला.

"काल दरी ठरली होती."

"काल मी नीट बघितलं नव्हतं. हे बघ, उताराच्या रेषा एकमेकींपासून किती लांब आहेत. म्हणजे चढ सोपा."

"रेषांवरून कोणी घसरत नाही, अहो. दगडांवरून घसरतात."

"तुला नकाशा कळत नाही."

"आणि तुम्हाला माणसांचं बोलणं कळत नाही. तो रखवालदार रोज तिथे राहतो!"

"दरीतून जायचं तर घरीच बसू की. आयुष्यभर दुसऱ्यांचे रस्ते कागदावर काढले मी. एक तरी माझ्या मनाने चालू दे."

हे असं महिनाभर चाललं होतं. एक मुक्काम हलवला की पाण्याची जागा चुकायची, पाण्याची जागा बदलली की खाण्याचा हिशेब बिघडायचा, आणि हिने बांधलेल्या पुड्या सोडून पुन्हा बांधायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. त्या संध्याकाळी पुडीबाईने हात टेकले. भाताचं भांडं आपटून ती म्हणाली, "न्या! न्या तुमच्या खिंडीतून. एकदाचं काय व्हायचं ते होऊ दे, पण मला परत विचारू नका."

त्याने लगेच पेन्सिल ठेवली आणि शाईचं पेन घेतलं. खिंडीतून जाणारी रेघ शाईने ओढून झाल्यावर तो लहान मुलासारखा खूश दिसला, आणि तिला त्याचा आणखीनच राग आला.

निघायला आठवडा होता, पण पाठपिशव्या त्याच रात्री पुन्हा भरून झाल्या. अंगाला ओझ्याची सवय व्हावी म्हणून महिनाभर रोज सकाळी दोघं भरलेल्या पिशव्या घेऊन इमारतीचे जिने चढत-उतरत. शेजारी हसायचे. पुडीबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. ओझं पाठीवर असलं की निदान नवरा बोलायचा नाही, एवढंच सुख.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी उचलली आणि ती हलकी लागली.

तिने उघडून पाहिली. पहिल्या दिवसाचं खाणं गायब. फेरीत कचरा डोंगरात टाकायचा नाही, परत आणायचा, म्हणून दोघांच्याही पिशवीत त्यासाठी एकेक जाड थैली ठेवलेली होती. तिच्या थैलीत रिकामी पाकिटं होती. तिकोनी घडी घातलेली.

"मध्येच भूक लागली तर स्वयंपाकघरात डबे आहेत की! हे कशाला फोडलंत?"

"मी?" नवऱ्याने स्वतःची पिशवी उघडली. त्याचंही पहिल्या दिवसाचं खाणं संपलेलं, आणि थैलीत चोळामोळा करून कोंबलेली पाकिटं, अगदी तो कोंबतो तशीच. "मी कशाला फोडू? तुझ्या पाकिटांची घडी तर तुझीच आहे. झोपेत चालतेस की काय?"

ती घडी तिचीच होती, यात वादच नव्हता. तिने पाकिटं नाकाशी नेली. त्यांना ओल्या पालापाचोळ्याचा आणि धुराचा वास येत होता. तिला वाटलं, याने गॅलरीत चूल पेटवून बघितली असणार. विचारलं तर कबूल थोडाच होणार आहे? चरफडत तिने सगळं पुन्हा भरलं.

पुढच्या सकाळी पुन्हा तेच. पहिला दिवस संपलेला, दुसराही संपलेला. शिवाय तंबू ओला. कोपऱ्यात ठेवलेल्या नव्या कोऱ्या बुटांच्या तळांना लाल चिखल, आणि त्यात अडकलेली बारीक, सुईसारखी पानं. असलं झाड गल्लीत कुठे नव्हतं.

नवरा कमरेवर हात ठेवून उभा होता. "आता आलं लक्षात माझ्या. खिंड नको म्हणून ही सगळी नाटकं चालली आहेत ना?"

"मी नाटकं करते?"

"मग काय मी करतो? मला तर जायचंय!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रंदिवस पुड्या हिने बांधायच्या, आणि वर नाटकंही हिचीच! तिने दोन्ही पिशव्या ओढत अडगळीच्या खोलीत नेल्या, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. "आता बघू कोण नाटकं करतं."

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं तेव्हा खोलीत गारवा होता. उन्हाळ्यात बंद खोलीत कधी नसतो तसा. आणि वास. ताज्या फुटलेल्या दगडाचा.

तिची पिशवी भिंतीला टेकून होती. नवऱ्याची आडवी पडली होती, तिच्यावर पांढरी धूळ बसली होती, आणि एक पट्टा मुळापासून तुटला होता. तिने आधी त्याची पिशवी उघडली. तिसऱ्या दिवसाची सकाळची पुडी संपलेली, त्यापुढच्या होत्या तशाच होत्या. एकीलाही हात लागलेला नव्हता. मग स्वतःची. तिच्याही तिसऱ्या दिवसातली सकाळची पुडी संपलेली होती. घडी नीट घातलेली. दुपारची पुडी दातांनी फाडून तशीच टाकलेली. तिने आयुष्यात कधी पुडी दातांनी फाडली नव्हती.

औषधांचा डबा तिने सगळ्यात शेवटी उघडला. बँडेजची सगळी गुंडाळी संपली होती. वेदनेच्या गोळ्या संपल्या होत्या. मदतीसाठी वाजवायच्या शिट्टीच्या दोरीला, कोणी हातात पिळत बसल्यासारख्या, गाठीवर गाठी पडल्या होत्या.

पुडीबाईने डबा बंद केला. तिला सगळं एकदम कळलं, आणि कळल्यावर रागाचं टिपूसही उरलं नाही, नुसती भीती उरली. ते कुठेही गेले नव्हते. आणि तरी ते तिसऱ्या दिवसापर्यंत पोचले होते.

"अहो," बाहेर येऊन ती म्हणाली, "आपण जायचं नाही. तुमच्या पाया पडते. दरीही नको आणि खिंडही नको."

तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. तिला वाटलं होतं, आता आकांडतांडव करेल. पण तो एवढंच म्हणाला, "तुला हवं तसं."

"रागावलात?"

"नाही गं. दमलोय."

तिने लगेच चौकीवर फोन लावला. लागेना. दिवसभर लावत राहिली. एकदा घंटा वाजून वाजून बंद झाली, एकदा नुसती खरखर. शेवटी वैतागून तिने फोन आपटला. कळवलं काय, न कळवलं काय; माणूस घरात आहे, डोळ्यांसमोर आहे, तेवढं पुरे. त्या विचाराने तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

रात्री मात्र तो जेवायला उठला नाही. भूक नाही म्हणाला. तिला वाटलं, रुसलाय. रुसू दे. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा त्याच्याजवळ ठेवला, तर तासाभराने त्यावर साय धरलेली. दुपारचं ताट तसंच, संध्याकाळचंही तसंच. खुर्चीतून तो हलला नव्हता. खिडकीकडे तोंड, तिच्याकडे पाठ.

"उपास करून कोणाला दाखवताय?" ती करवादली. "एवढी काय ती खिंड! माणसापेक्षा मोठी झाली का?"

"थंडी वाजते," तो म्हणाला.

उन्हाळ्याचे दिवस होते. तरी तिने घरातली सगळी पांघरुणं आणून त्याच्या अंगावर घातली. त्याच्या मानेवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. अडगळीच्या खोलीकडे ती फिरकली नाही. चौथ्या दिवसाच्या पुड्यांचं काय झालं असेल, हे तिला बघायचंच नव्हतं.

फोन आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी.

"बाई, घरी नीट पोचलात ना?" चौकीवरचा रखवालदार होता. त्याच्या मागे वारा घोंघावत होता.

"बरं झालं तुमचा फोन आला. मी किती लावला! आम्ही येत नाही आहोत. आमचं रद्द."



"बाई… जवळ कोणी आहे का तुमच्या? बसा जरा. पाणी प्या." त्याचा आवाज खाली आला होता. "काल मीच तुम्हाला गाडीत बसवून दिलं. पुढच्या आठवड्यात येणार होतात ते आधीच आलात, तेव्हाच मी म्हटलं होतं, खिंडीत जाऊ नका…"

"आम्ही घरातून निघालोच नाही!"

"बरं. बरं… धक्का बसतो माणसाला. मी एवढंच सांगायला फोन केला, की आम्ही तुमच्या मिस्टरांचा शोध थांबवलेला नाही. आत्ता खिंडीतच आहोत. दोर खाली सोडलाय. माणसं हाका मारतायत."

आणि तिला त्या हाका ऐकू आल्या. फोनमधून, लांबून, दगडांवर आपटत येणाऱ्या.

"होऽऽ…"

"होऽऽ!" तिच्या पाठीमागून उत्तर आलं.

खुर्चीतून. नवऱ्याच्या आवाजात. दोन दिवस पुटपुटणारा माणूस छाती फुटेस्तोवर ओरडला होता.

"आला!" फोनमध्ये रखवालदार किंचाळला. "आवाज आला! बाई, आहेत! जिवंत आहेत हो! अरे, दोर धरा… पकडला त्यांनी… ओढा!"

पुडीबाई वळली. पांघरुणं खाली पडली होती. नवऱ्याने दोन्ही हात डोक्यावर ताणले होते, मुठी घट्ट आवळल्या होत्या, आणि तो खुर्चीतून हळूहळू वर उठत होता. पायांत जोर न घालता. त्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"अहो," ती म्हणाली. "अहो, नका ना जाऊ…"

तिने फोन टाकला आणि धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली. अंग बर्फासारखं गार होतं, कपड्यांतून खडे झरत होते. पण तो होता. तिच्या हातांत होता, तिच्या घरात होता. वरून हिसका बसला. तिने डोळे मिटले, आणि सगळा भार टाकून त्याला खाली ओढलं.

जमिनीवर पडलेल्या फोनमधून रखवालदाराचा आवाज येत होता. आता तो ओरडत नव्हता.

"थांबा रे… दोर ताणू नका. वर येईनात ते…" वारा घोंघावला. "खालून कोणीतरी धरून ठेवलंय त्यांना."

पुडीबाईने मिठी आणखी घट्ट केली.