तुंगारच्या धुक्यातली हाक

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मला खोटं पाडायला येऊ नका. जिच्यावर हे गुदरलं ती मालूआजी, माझ्या आईची सख्खी मावशी. बाजारात शिळ्या मासळीला कधी ताजी म्हणाली नाही आणि त्यापायी घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या. अशी बाई कशाला काही रचून सांगेल?

साल १९५२. श्रावणातला पहिला सोमवार. जागा वसईच्या पूर्वेची, तुंगारेश्वराच्या डोंगरातली दरी.

आणि वेळ रात्रीची नव्हे...

दुपारची. तीनच्या सुमाराची.

मालूचं घर अर्नाळ्याला, किनाऱ्याला लागून. नवरा नथू मासेमारीला जायचा. त्या फाल्गुनात एका सकाळी तो बोटीवरून छोट्या होडीत उतरला आणि एकटाच जाळं बघायला गेला. तेवढ्यात धुकं उतरलं.

धुक्यासाठी त्यांच्या बोटीवर एक रीत होती. बोटीवरच्यानं पितळी थाळी बडवायची. होडीतल्यानं हाकारा द्यायचा. ज्याच्या नावानं हाक येईल त्यानंच ओ द्यायची, दुसऱ्यानं नाही, कारण दोन तोंडं बोलली की होडीवाल्याची दिशा चुकते. आणि हाक ऐकून गप्प बसणं म्हणजे तर महापाप.

त्या सकाळी थाळी पास्कल बडवत होता. पास्कल म्हणजे नथूचा लहानपणापासूनचा दोस्त. नथूचा हाकारा सगळ्या गावाला ठाऊक. दोन आखूड, एक लांब.

"हो... हो... होऽऽऽय! पास्कल!"

पास्कलनं दर खेपेला ओ दिली. आवाज जवळ आला. अगदी जवळ...

मग थांबला.

होडी दोन दिवसांनी रिकामी सापडली. नथू सापडला नाही.

पाच महिने मालू रडली नाही. भाकऱ्या थापायची, पाणी भरायची, कुंकू लावायची. हातात हिरव्या बांगड्या तशाच. आत काही हलतच नव्हतं. बसून बसून पाय बधिर होतो ना, तसं तिचं सगळं झालं होतं. लोक म्हणायचे, बाई काळजाची घट्ट आहे. तिला त्याचंही काही वाटत नव्हतं.

आठ दिवसांवर नारळी पौर्णिमा आली. गावच्या बायका नवऱ्याच्या नावानं दर्याला नारळ देणार. मालूनं द्यायचा, की बांगड्या उतरवायच्या? नथूचं प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून कोणी बोलायला धजत नव्हतं.

शेवटी सासू गोमी बोलली. "तुंगारेश्वराला जाऊ. देवालाच इचारू. तो काय तरी सांगल."

चौघं निघाली. मालू, सासू, धाकटा दीर धाकू आणि पास्कल.

"तू कशाला येतंस रं?" सासू पास्कलला म्हणाली. "तुजा देव येगला."

"देव येगला आसल, आये. नथू माजा पन व्हता."



कोंबडा आरवायच्या आत बैलगाडी जोडली. पायथ्याशी एक वारली म्हातारा बेलाची पानं घेऊन बसला होता. सासूनं पानं घेतली. म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "धुका आला तं एका जागी बसा. हाकारू नका. हाक आली तं ओ देऊ नका. तोंड दिसंल तवाच बोला."

धाकू हसला. "बाबा, आमाला धुका शिकवतंस? आमी दर्यावरची मानसं."

म्हातारा हसला नाही.

वाट ओढ्याच्या कडेनं चढत होती. लाल माती घोट्यापर्यंत. शेवाळलेले दगड, ओलं रान, वर माकडं. देवळात पोचायला दुपार झाली. मालूनं पिंडीवर बेल वाहिला, डोकं टेकलं आणि मनात म्हणाली, देवा, एकदाचं सांग. जिता की मेला. काहीही चालेल.

'काहीही चालेल' म्हणाल्याची तिला जरा लाज वाटली. पाच महिन्यांत तेवढंच काय ते वाटलं.

उतरताना निम्म्या वाटेवर धुकं आलं...

आधी समोरची झाडं गेली. मग वाट गेली. मग शेजारचं माणूस.

मग ओढ्याचा आवाज गेला.

ओढा तर पाच पावलांवर होता. फुगलेला, सकाळपासून कानठळ्या बसवणारा. तो वाहत होता की थांबला होता, कोण जाणे. ऐकू येत नव्हता एवढं खरं.

धाकूनं पूजेची थाळी काढली आणि काठीनं बडवायला लागला.

म्हाताऱ्याचं बोलणं त्याला आठवलंच नाही. धुकं म्हणजे थाळी, हाताला तेवढंच ठाऊक.

"आये!"

"ओ."

"वयनी!"

"ओ."

"पास्कल!"

"ओ."

तिघांची ओ आली. चौथा तो स्वतः. सगळे जागच्या जागी. धाकूनं थाळी खाली केली.

आणि खालून, दरीतून...

"हो... हो... होऽऽऽय!"

दोन आखूड. एक लांब.

 पास्कलनं क्रुसाची खूण केली आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. 

"हो... हो... होऽऽऽय!"

आता जवळ. खालचे दगड घरंगळले. ओल्या पावलांची पचपच वर येऊ लागली. दमलेल्या माणसाची चाल. थांबत, थांबत.

मग तो आवाज म्हणाला...

"अगो..."

नथू बायकोला कधी नावानं हाक मारत नसे. आईसमोर तर नाहीच. सगळ्या मुलखात 'अगो' म्हणजे मालूच.

सासूनं मालूचं मनगट पकडलं.  "दे गो ओ. माजा पोर हाय तो. चुकलाय."

मालू गप्प.

"माजी ओ नाय चालनार. हाक तुला हाय. दे ना गो!"

मालूनं तोंड उघडलं.

ती घाबरली नव्हती. हे तिनं पुढे माझ्या आईला पुन्हा पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्याचं बोलणंही तिच्या डोक्यात नव्हतं. ती फक्त थकली होती. ओ दिली की पुन्हा आस, पुन्हा वाट बघणं आलं. पुन्हा उंबरठा, पुन्हा कान देऊन बसणं. तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

तिनं तोंड मिटलं.

पावलं थांबली.

"अगो... कुटं हायस?"

मालूच्या ओठांवर धुक्याचं पाणी जमलं होतं. तिनं ते पुसलं. बस, एवढंच केलं.

मग पावलं वळली. खाली, खाली... दगड सुटल्याचा आवाज झाला. आणि काही नाही.

ओढा एकदम ऐकू यायला लागला.

धुकं गेलं. धाकूनं कडेला जाऊन खाली पाहिलं. रान आणि पाणी. माणूस नव्हता.

रात्री माणिकपूरला पास्कलची मावशी इनेझ हिच्या घरी चौघं टेकली. तिनं भात वाढला. सासूनं मालूकडे पाठ करून झोपायची जागा घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्नाळ्याला पोचली, तर किनाऱ्यावर सगळं गाव जमलेलं.

पहाटेच्या भरतीला नथू आला होता.

गावातल्या म्हाताऱ्यांनी बुडालेली माणसं आयुष्यभर पाहिली होती. पाच महिन्यांनी दर्या काय परत देतो, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यातला एक जण वाकला, नथूची हनुवटी वळवून पाहिली आणि हळूच म्हणाला, "ह्यो पाच म्हैन्याचा नाय. ह्यो कालचा हाय."

तोंडावर दाढी वाढलेली. गालफडं बसलेली.

आणि तळपायांच्या भेगांत... लाल माती.

अर्नाळ्याला सगळी वाळू. रात्रभर लाटांनी आपटलं तरी ती माती धुतली गेली नव्हती. पास्कलनं खांद्यावरचा पंचा काढून नथूच्या पायांवर टाकला, गावाला दिसू नये म्हणून.

बांगड्या फुटल्या. सासू त्यानंतर सात वर्षं जगली, मालूशी एक शब्द न बोलता. आणि मालू त्या दिवशीही रडली नाही.

मी पाहिली ती मालूआजी म्हातारी; आम्ही अर्नाळ्याला तिच्याच घरात राहायचो. गल्लीत कोणी कोणालाही हाक मारो, ही घरातून ओ द्यायची. भाजीवाल्याला, कुत्र्याला घातलेल्या हाकेला, सगळ्याला. आम्ही पोरी मुद्दाम दारात उभं राहून एकमेकींना हाका मारायचो आणि तिची ओ आली की खिदळायचो. एकदा आईनं मला त्यावरून बडवलं आणि मग ही गोष्ट सांगितली.

त्यानंतर मी नीट लक्ष दिलं. कधी कधी कोणीच हाक मारलेली नसायची.

तरी ती हातातलं काम ठेवून, स्वच्छ आवाजात ओ द्यायची. आणि तेव्हा तिचं तोंड समुद्राकडे नसायचं. पूर्वेला असायचं, डोंगराकडे.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर तेच आहे. धुक्याच्या सकाळी मी दारं-खिडक्या लावते आणि रेडिओ मोठा करते.

आता ओ द्यायला घरात मीच आहे.