बूड नसलेली बादली

दार ओढून घे रे, वारा आत येतोय. आणि कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मागाहून फिदीफिदी चालणार नाही. ऐकीव भाकडकथा सांगत नाहीये मी. कियोताका माझ्या ओळखीचा माणूस. त्याला, त्याच्या बायकोला आणि चार वर्षांच्या लेकराला स्टेशनवरून इथे कुरोहामाच्या सराईत मीच माझ्या टॅक्सीतून आणलं होतं.

ऑगस्टची सोळा तारीख. पितरांना निरोप द्यायची रात्र.

कियोताका किसोच्या डोंगरातला, पिढीजात लाकडी बादल्या करणाऱ्या घरातला. कामाचा किडा, वारलेल्या बापासारखाच; बापाची तर उजव्या हाताची दोन बोटं बादल्या तासतानाच गेली होती. लग्न झाल्यापासून त्याने सायोकोला सहलीला म्हणून कुठे नेलं नव्हतं. त्या वर्षी तिने रुसून, भांडून त्याला घराबाहेर काढलं होतं. गाडीत ती लहान पोरीसारखी काचेला नाक लावून समुद्र बघत होती.

जेवणं झाली. भाजलेली म्हाकुळं पोटभर खाऊन सगळे सुस्तावले होते. सराईच्या बाईंनी गाद्या घातल्या, आणि नेमका तेव्हा त्यांचा लेक इस्सेई भोकाड पसरून रडायला लागला. त्याचा बेडकाचा टॉवेल खाली न्हाणीत राहिला होता, आणि त्याशिवाय तो झोपत नसे.

"जा हो, आणा तेवढा," सायोको म्हणाली. "आणि लगेच या. तिथल्या बादल्या कुरवाळत बसू नका."

"बघू तरी दे. दुसऱ्याचा माल कसाय ते कळायला नको?"

"दोन दिवस तरी माणसासारखे वागा!"

ती हसत होती. हे तो आजही सांगतो.

न्हाणी उघड्यावर, कड्याच्या अगदी टोकाला. पुरुषभर उंचीचं कुंपण, आणि पलीकडे समुद्र. कुंपणाच्या खिळ्याला एक लाकडी बादली टांगलेली. तिला बूड नव्हतं. सराईच्या मालकीणबाई फुसाएसान दुपारीच म्हणाल्या होत्या, "तेवढ्या बादलीला हात लावू नका." कियोताकाला वाटलं, बाईंना मोडक्या वस्तूची लाज वाटत असेल.

टॉवेल खांद्यावर टाकून तो निघालाच होता. पण हात शिवशिवले. चांगली सुरूच्या लाकडाची बादली, भोवतीची कडी शाबूत, आणि बुडाशिवाय लटकतेय! कोपऱ्यात एक फुटकी बादली पडली होती. तिचं बूड त्याने काढलं, टांगलेल्या बादलीची कडी सैल केली, बूड खाचेत बसवलं, दगडाने ठोकून कडी पुन्हा आवळली. पाणी भरून बघितलं. एक थेंब गळेना. स्वारी खूश झाली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं,

"एक बादली द्याल का?"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. अगदी नम्र. कियोताकाला वाटलं, कुणी कोळी असेल, नावेत पाणी शिरलं असेल.

"घ्या की! आत्ताच बूड बसवलंय. एक थेंब गळायचा नाही."

त्याने हात उंच करून बादली पलीकडे धरली. ती कुणीतरी घेतली. घेताना बोटांना बोटं लागली... गार. भिजून सुरकुतलेली.

"बरं झालं," आवाज म्हणाला. मग दुसरा. मग आणखी कितीतरी.

"बरं झालं... बरं झालं..."

त्याने बाकावर चढून पाहिलं. पलीकडे सरळ कडा. खाली, खूप खाली, लाटा. उभं राहायला वीतभर जागा नाही. नाव नाही. माणूस नाही.

मग पाण्याचा आवाज आला. बुडवल्याचा. ओतल्याचा.

बुडवल्याचा... ओतल्याचा...

समुद्राकडून नव्हे. वरून. त्याच्या खोलीतून.

तो धावला. जिना कोरडा. ओसरी कोरडी. पण खोलीचं कागदी दार मधोमध फुगलं होतं. आतून कुणीतरी रेटत असल्यासारखं. त्याने ओढलं. सरकेना.

"सायोको!"

आत इस्सेई ओरडला. मग सायोको काहीतरी बोलली. शब्द कळेनात. तोंडात पाणी असताना बोलावं तसं...

फुसाएसान दिवा घेऊन आल्या. त्यांनी त्याचे ओले हात पाहिले.

"काय दिलंत त्यांना?"

"बादली..."

"बूड होतं?"

"मीच बसवलं..."

बाईंनी दिवा खाली ठेवला. "बुडून मेलेली माणसं आहेत ती. आज परत जाताना मागतातच. आम्ही बिनबुडाची देतो. भरता येत नाही, सोबत कुणाला नेता येत नाही..."

त्याने दारावर अंग टाकलं. लाथा घातल्या. गयावया केली. "मला न्या! चूक माझी आहे, मला न्या!"

आतून तोच आवाज. बुडवल्याचा... ओतल्याचा...

मग तेही थांबलं.

दार आपसूक सरकलं.

खोली कोरडी ठणठणीत. चटया कोरड्या. गादीवर सायोको, केस कोरडे, ओठ निळे. डॉक्टर नंतर म्हणाला, छाती पाण्याने भरलीय. खारट पाण्याने.

आणि पोराची गादी रिकामी.

कियोताकाने तेव्हा जो आवाज काढला, तो फुसाएसान मरेपर्यंत विसरल्या नाहीत.

मग वर कुणीतरी शिंकलं. छताला लागून एक छोटं कपाट होतं, जास्तीच्या उशा ठेवायचं. त्यात इस्सेई मुटकुळं करून बसला होता. अंगावर एक थेंब नाही.

"बाळा, आईने ठेवलं तुला वर?"

पोराने मान हलवली. नाही.

"आई म्हणत होती, ह्याला वर घ्या, ह्याला वर घ्या..."

"कुणाला म्हणत होती?"

 आता मिसरूड फुटलीय पोराला, अजून त्यावर बोलत नाही.

कियोताकाने त्याला उतरवून छातीशी धरलं, तेव्हा दिव्याच्या उजेडात फुसाएसानना पोराची पाठ दिसली. मीही पाहिलाय तो सदरा, कियोताकाने जपून ठेवलाय. निळ्या कापडावर पांढरं मीठ वाळलेलं. दोन तळव्यांचे ठसे, बगलेखाली धरून उचलावं तसे.

भलेमोठे. पुरुषाचे. आणि उजव्या हाताला तीनच बोटं.