न बघता खाल्लेला मासा

"मला कुणीतरी पारा चारतंय," दिपाली म्हणाली आणि मांडीवरचं बाळ तिनं घट्ट धरलं.

टिळकवाडीतल्या खासगी तपासाच्या कचेरीत त्रिशला पाटलांनी चहा बाजूला सारला. त्यांचा मदतनीस, निवृत्त हवालदार महादेव, पुढं सरकला.

दिपालीच्या बोटांना मुंग्या येत होत्या. रक्त तपासलं, तर पारा वाढलेला. मोरीसारखे मोठे शार्क मासे नकोत, असं डॉक्टरांनी बाळंतपणातच सांगितलं होतं; आता पाऱ्याचं मूळ सापडलं की अंगावर पाजायचं की नाही ते ठरवू, असं म्हणाले होते.

"पण मी बांगडाच खाते. शेजारच्या अंबुबाई डबा देतात. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. त्यांच्याशिवाय दिवसभर माझ्याशी बोलतं कोण?"

"नवरा?"

"मस्कतला. क्रीम पाठवलंय गोरेपणाचं."

"त्यातच पारा!" महादेव ओरडला.

"डबी फोडलीच नाही. लावून कुणाला दाखवू?"

त्रिशलांनी हळूच विचारलं, "काट्यांचं कसं करता?"

"आम्ही बेळगुंदी गावचे, मटण खाणारे. मासा आत्ताच खायला लागले. जाड, मऊ फोडी असतात. बाळाकडे बघत बघतच जेवते."

महादेव हसला. "मॅडम, तुम्ही जैन. तुम्हाला काट्याचं काय?"

"म्हणूनच विचारतेय."

अंबुबाई कुठला मासा नेतात, असं विचारताच बाजारातला मासळीवाला मष्णू उखडला. "मागंल तो मासा देतो. अंबुबाई न्हेत्यात ते बाळंतिणीसाठी. ताजा असतोय!"

अंबुबाई दिपालीच्या स्वयंपाकघरात भेटल्या. "मी इष घालतो व्हय? दूध कमी येतंय म्हणून ही दिपाली रडत होती, तवा मीच डबा सुरू केला."

"डब्यात मोरी होती ना?" त्रिशला म्हणाल्या. "बांगडा काट्यांचा. न बघता खाल्ला तर घशात अडकेल. काटे काढले तर चुरा होतो, जाड फोडी राहत नाहीत. बिनकाट्याची जाड फोड मोरीची. किनाऱ्यावर दूध यावं म्हणून बाळंतिणीला तीच देतात. 'बाळंतिणीसाठी' म्हणाला तेव्हा मष्णू खोटं बोलला नाही."

महादेवनं कपाळावर हात मारला. "आणि मोठा मासा लहानांना खातो, त्यांचा पारा त्याच्यात साठतो!"

अंबुबाईंचा चेहरा उतरला. "डाक्टर नको म्हणाल्याला. म्हणून बांगडा म्हणून सांगितलं. त्यास्नी काय ठावं, असं वाटलं."

फोनवर डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मोरी बंद, बाळाची तपासणी करू, पाजणं चालू ठेवा. लहान मासे आठवड्यातून दोनदा चालतील.

बाळ कुरकुरलं. दिपालीनं पदराखाली घेतलं. तिचे खांदे पहिल्यांदा सैल झाले.

अंबुबाई रिकामा डबा घेऊन दाराशी गेल्या. "आता यायचं तोंड न्हाय मला. दार लावून घे गं."

दिपालीनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"माझे हात गुंतलेत, अंबुबाई," ती म्हणाली. "आतून तुम्हीच लावा."